पाचवी मुलगी

पावसाळा ओसरू लागला की महाविद्यालयांच्या जिमखान्याबाहेरच्या फलकावर एक कागद लागतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे वेळापत्रक. मग काही दिवस व्हरांड्यात एकच चर्चा ऐकू येते, 'यंदा आपल्या मुली कुठवर जातील?' कुणी म्हणते, पहिल्याच सामन्यात गारद होतील. कुणी म्हणते, सोडत बरी निघाली तर उपांत्य फेरी गाठतील. उंच मुलगी कोण, नेम कुणाचा चांगला, गेल्या वर्षीची कोण लग्न होऊन गेली, याचा हिशेब होतो. या अंकाचे संपादकीय आम्ही याच प्रश्नावर लिहायचे ठरवले आहे. गाव मालेगाव आहे आणि खेळ बास्केटबॉलचा आहे. 'चळवळीच्या पत्रिकेत खेळाचे काय काम?' असे तुमच्यापैकी काहीजणींना वाटेल. त्याचे उत्तर देऊच. पण आधी हिशेब करू.

मालेगावच्या महाविद्यालयातल्या मुलीपुढची शिडी अशी आहे. पहिली पायरी नाशिक विभागाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांची. तिथे चांगल्या खेळणाऱ्या मुलींमधून विभागाचा संघ निवडला जातो. दुसरी पायरी आंतरविभागीय सामन्यांची. नाशिक, नगर आणि पुण्याकडच्या मुली तिथे एकमेकींसमोर येतात आणि त्यांच्यातून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संघ ठरतो. त्यात १२ जणींनाच जागा. तिसरी पायरी पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेची. महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, गोवा इथल्या विद्यापीठांचे संघ तिथे येतात. तिथे वरचा क्रमांक आला तर अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, आणि २०२० सालापासून त्याच्याही पुढे 'खेलो इंडिया' विद्यापीठ स्पर्धा.

या शिडीकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. मालेगावचा अख्खा संघ काही वरपर्यंत जात नाही. पहिल्या पायरीनंतर संघ सुटतो आणि मुलगी एकटी पुढे जाते. म्हणजे 'आपल्या मुली कुठवर जातील' या प्रश्नाचा खरा अर्थ असा, की आपल्यातली एखादी मुलगी निवड समितीच्या नजरेत भरेल का? पण ती नजरेत भरायला सामना व्हावा लागतो. आणि सामना व्हायला मैदानावर पाचजणी असाव्या लागतात.

बास्केटबॉलचा नियम याबाबतीत अगदी सरळ आहे. ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत पाच खेळाडू मैदानात उतरवता आले नाहीत, तर सामना २० विरुद्ध ० असा हरल्याचे जाहीर होते. समोरच्या संघाला पुढे चाल मिळते. पाचच जणी आल्या तर सामना सुरू होतो, पण तिथेही धोका आहे. एकीच्या नावावर पाच फाऊल झाले की तिला बाहेर बसावे लागते आणि उरलेल्या चौघी पाचजणींशी झुंजतात. म्हणून तर संघ १२ जणींचा असतो. नेमबाजीत तरबेज असलेली, रोज पहाटे उठून धावणारी, घरच्यांचा पाठिंबा असलेली एक गुणी मुलगी तुमच्या संघात असेलही. पण नाशिकच्या बसमध्ये बसायला पाचवी मुलगी आलीच नाही, तर त्या गुणी मुलीचा खेळ कुणी पाहतही नाही. तिच्या कागदावर '०–२०' एवढेच उरते.

आमच्या मते मालेगावच्या मुलींची पुढे जाण्याची शक्यता मोजायची असेल, तर सर्वांत चांगल्या खेळाडूकडे पाहून चालणार नाही. पाहायचे ते पाचवीकडे. आपल्याकडे घरात पाचवी मुलगी झाली की तिच्या वाट्याला काय येते ते आपण जाणतो. २०११ साली सातारा जिल्ह्यात 'नकोशी' नावाच्या मुलींना जाहीर समारंभात नवी नावे दिली गेली, ते तुम्हाला आठवत असेल. बास्केटबॉलच्या मैदानावर मात्र पाचवीवाचून पहिलीचे काही चालत नाही. तिथे ती हवीशीच असते.

मग ही पाचवी मुलगी जाते कुठे?

ती फार लांब गेलेली नसते. ती मालेगावातच असते. हे गाव साडेचार लाखांवर वस्तीचे, मोसम नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेले. एका काठाला किल्ला आणि जुन्या गावातले मोहल्ले, लाखावर यंत्रमागांचा रात्रंदिवस चालणारा खडखडाट. दुसऱ्या काठाला कॅम्प, संगमेश्वर आणि आजूबाजूच्या खेड्यांतून शिकायला येणारी शेतकऱ्यांची मुले. जुन्या गावातल्या पाचवीला संध्याकाळी घरी यावे लागते, कारण माग चालवणारा बाप किंवा भाऊ पाळी बदलून येतो तेव्हा जेवण तयार असले पाहिजे, कांड्या भरायच्या राहिल्या असतील तर त्या भरल्या पाहिजेत. खेड्यातून येणाऱ्या पाचवीला साडेपाचची एस. टी. गाठायची असते, कारण त्यानंतरची गाडी अंधार पडल्यावर पोचते आणि फाट्यापासून घरापर्यंतचा रस्ता एकटीचा असतो. एका घरात 'लोक काय म्हणतील' म्हणतात, दुसऱ्या घरात त्याला पडद्याचे नाव देतात. नदीच्या दोन काठांवर कारणांची नावे वेगळी आहेत, पण संध्याकाळी सहा वाजता दोघी जिथे असतात ती जागा एकच : स्वयंपाकघर.

आणि सराव नेमका संध्याकाळीच असतो. सकाळी तास, दुपारी प्रात्यक्षिके, उन्हाचा तडाखा. मैदान मोकळे होते ते पाचनंतर, आणि तेव्हा मुलगे आलेले असतात. कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या खेळाडू मुलींना विचारा, मैदानाच्या कडेला उभे राहून मुलग्यांचा खेळ संपण्याची वाट पाहणे म्हणजे काय ते त्या सांगतील. मैदान सर्वांचे आहे असे कागदावर म्हटलेले असते. पण ज्याला घरी लवकर जायचे नसते, मैदान त्याचे होते.

याशिवाय बारीकसारीक अडथळे आहेत. ते इतके लहान असतात की अहवालात कधी येत नाहीत. जिमखान्याजवळ मुलींसाठी कडी लागणारे, पाणी असलेले स्वच्छतागृह आहे का? पाळीच्या दिवसांत सराव करायचा तर याचे उत्तर आधी लागते. कपडे बदलायला खोली आहे का, की मुली घरून आतल्या कपड्यांवर पंजाबी ड्रेस चढवून येतात? चेंडू कोणता आहे? बायकांच्या सामन्यात ६ क्रमांकाचा चेंडू वापरतात, पुरुषांच्या ७ क्रमांकाच्या चेंडूपेक्षा तो थोडा लहान आणि हलका असतो. ज्या जिमखान्यात सगळे चेंडू ७ क्रमांकाचे, तिथल्या मुली वर्षभर दुसऱ्याच्या चेंडूने सराव करतात आणि सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा स्वतःचा चेंडू हातात घेतात. मग नेम चुकला की आपण म्हणतो, मुलींना जमत नाही.

मुलींसाठी मैदान आखताना हात आखडता घेण्याची रीत या खेळाच्या जन्माइतकीच जुनी आहे. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड गावी जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हा खेळ काढला. दुसऱ्याच वर्षी जवळच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवायला घेतला. बाईने धावावे, घामाघूम व्हावे, चेंडू हिसकावून घ्यावा, हे त्या काळच्या सभ्य समाजाला पचणारे नव्हते. म्हणून बेरेन्सनबाईंनी मैदानाचे तीन भाग केले. ज्या भागात उभी त्याच भागात मुलीने खेळायचे, रेषा ओलांडायची नाही. १८९३ साली तिथे मुलींचा सामना झाला तेव्हा पुरुष प्रेक्षकांना आत येऊ दिले नव्हते. १८९६ मध्ये स्टॅनफर्ड आणि बर्कले या दोन विद्यापीठांच्या मुली एकमेकींविरुद्ध खेळल्या, तेव्हाही दार पुरुषांना बंदच होते. स्टॅनफर्डने तो सामना २–१ असा जिंकला.

या इतिहासात आमच्यासाठी दोन गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेला जातात. एक अशी, की बाईच्या नाजुकपणाच्या नावाने आखलेली रेषा सहजासहजी पुसली जात नाही. बायकांना अर्ध्याच मैदानात खेळवण्याची पद्धत अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९९३ पर्यंत आणि ओक्लाहोमात १९९५ पर्यंत शाळांतून चालू होती. म्हणजे शंभर वर्षे! दुसरी गोष्ट अशी, की ते बंद दार नसते तर त्या मुली कदाचित खेळल्याच नसत्या. भिंतीआड, फक्त बायकांच्या सोबतीत त्यांना पहिल्यांदा आपल्या पायांतला वेग कळला. म्हणून 'मुलींसाठी वेगळी वेळ, वेगळी जागा' ही मागणी मागासलेली आहे असे आम्ही एकदम म्हणणार नाही. मालेगावातल्या एखाद्या मैदानावर आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळचे दोन तास फक्त मुलींचे ठरले, तर पाचवी मुलगी घराबाहेर पडण्याची शक्यता नक्की वाढेल. मात्र ही सुरुवात आहे हे आपण विसरू नये. वेगळी वेळ ही आत यायचे दार असते. तिची चौथी भिंत झाली, की बेरेन्सनबाईंच्या मैदानासारखे तिचेही तीन तुकडे होतात.

कपड्यांचा प्रश्न आम्ही टाळणार नाही, कारण मालेगावात तो टाळून पुढे जाताच येत नाही. बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने अनेक वर्षे डोके झाकून खेळायला बंदी घातलेली होती. २०१४ साली दक्षिण कोरियातल्या इंचिऑन इथल्या आशियाई खेळांत कतारच्या मुलींना हिजाब काढल्याशिवाय खेळू देणार नाही असे सांगण्यात आले. त्यांनी तो काढला नाही आणि मंगोलियाविरुद्धचा सामना त्यांनी न खेळताच गमावला. अमेरिकेत बिल्किस अब्दुल-कादिर ही मुलगी हिजाब घालून विद्यापीठाच्या अव्वल श्रेणीत खेळली. शाळेत असताना तिने मॅसेच्युसेट्स राज्याचा गुणांचा विक्रम केलेला होता. पण या बंदीमुळे परदेशात व्यावसायिक खेळाडू म्हणून जाण्याची तिची वाट अडली. अशा अनेक खेळाडूंनी आवाज उठवल्यावर २०१७ साली हा नियम बदलला. आता डोके झाकून आणि अंगभर कपडे घालून अधिकृत सामना खेळता येतो.

आपल्या चळवळीत पडद्याबद्दल मतभेद आहेत आणि ते राहतील. आमच्यातही आहेत. पण या प्रश्नावर एका मुद्द्यावर आपले एकमत व्हायला हरकत नसावी. मुलीने मैदानात येण्यासाठी डोके उघडे टाकलेच पाहिजे असे म्हणणारा अधिकारी आणि डोके झाकून घरातच बसले पाहिजे असे म्हणणारा भाऊ, या दोघांच्या भांडणात तोटा होतो तो एकाच मुलीचा. नियम बदललेला आहे, ही साधी माहितीसुद्धा किती क्रीडाशिक्षकांपर्यंत आणि किती घरांपर्यंत पोचली आहे? 'चड्डी-बनियनवरच खेळावे लागते' या एका समजुतीपायी घरी बसलेली पाचवी मुलगी नुसती खरी माहिती मिळाली तरी मैदानावर येऊ शकते. हे काम आपल्या गटांना उद्यापासून करता येईल. त्याला एक पैसा लागत नाही.

यंत्रमाग कामगारांच्या, मुसलमान वस्तीच्या गावात बास्केटबॉल रुजेल तरी कसा, असे विचारणाऱ्यांना आम्ही मुंबईच्या नागपाड्याकडे बोट दाखवू. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात तिथे 'नागपाडा नेबरहूड हाऊस' उभे केले. समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या आपल्या मैत्रिणींना हे नाव ओळखीचे वाटेल. १९३६ साली निघालेल्या टाटा समाजकार्य शाळेचे ते पहिले संचालक. त्या दाटीवाटीच्या, कष्टकऱ्यांच्या मोहल्ल्यात बास्केटबॉलचे मैदान होते, बच्चू खान यांच्यासारखे शिकवणारे होते. तिथून अब्बास मुन्तसिर यांच्यासारखे खेळाडू निघाले. ते भारताच्या संघाचे कप्तान झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. नागपाड्यातल्या लोकांची उंची काही जास्त नव्हती आणि खिसेही भरलेले नव्हते. त्यांच्याकडे एकच गोष्ट होती : घरापासून चार पावलांवर, मोहल्ल्याच्या मधोमध मैदान. बास्केटबॉलला क्रिकेटसारखे मोठे रान लागत नाही. २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद जागा, जमिनीपासून ३ मीटर ५ सेंटिमीटर उंचीवर एक कडे, आणि संध्याकाळनंतर दिवा. एवढ्यावर तीन पिढ्या खेळल्या.

पण नागपाड्याचा हा लौकिक मुख्यतः मुलग्यांचा आहे, हेही सांगितले पाहिजे. मैदान जवळ असणे मुलग्यांना पुरले. मुलींना तेवढे पुरत नाही. त्यासाठी मुंब्र्याकडे पाहावे लागते. तिथे २०१२ पासून 'परचम' या गटाच्या मैत्रिणींनी मुलींचा फुटबॉल सुरू केला. मुलींनी घरोघर जाऊन सह्या गोळा केल्या आणि आमच्यासाठी खेळायला जागा द्या अशी मागणी लोकप्रतिनिधींकडे केली. नागपाड्याला कुणीतरी बाहेरून येऊन मैदान दिले होते. मुंब्र्याच्या मुलींनी ते मागितले. मागताना त्या दारोदार गेल्या, आयांशी बोलल्या, आणि त्या बोलण्यातच निम्मे काम झाले. मुलगी कुठे जाते, कुणाबरोबर जाते, किती वाजता येते, हे आईला ठाऊक झाले की तिची भीती कमी होते. ही पद्धत मालेगावला लागू पडण्यासारखी आहे.

आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण हवे असेल तर सुरगाणा-पेठच्या डोंगरपट्ट्याजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटर धावण्यात तिने कांस्यपदक मिळवले. पण कविता एकटी धावू शकत होती. सांघिक खेळाचे तसे नसते. पुण्याच्या शिरीन लिमयेचा खेळ जगाला दिसला, कारण तिच्या बाजूला आणखी चारजणी होत्या. २०१७ साली बंगळूरला आशिया चषकाच्या 'ब' गटाच्या अंतिम सामन्यात भारताच्या बायकांनी कझाकस्तानला ७५–७३ असे हरवले आणि वरच्या गटात प्रवेश मिळवला, त्या संघात शिरीन होती. दोन गुणांचा फरक! असा सामना एकटीने कुणी जिंकत नसते.

आता त्या प्रश्नाकडे येऊ. गावात पाण्याचा प्रश्न आहे, यंत्रमागाच्या धुरळ्याने छातीचे आजार आहेत, कांड्या भरणाऱ्या बायकांना धड मजुरी नाही, घरातला मार आहे. असे असताना चळवळीने बास्केटबॉलच्या मागे का लागावे?

पहिले उत्तर असे, की विरंगुळा हासुद्धा हक्क आहे आणि तो कुणाला मिळतो हे पाहिले की गावातली सत्ता दिसते. मालेगावात शुक्रवारी माग थांबतात आणि सिनेमाची थिएटरे भरतात. या गावातल्या तरुणांनी जुन्या कॅमेऱ्यावर स्वतःचे सिनेमे काढले. त्यांच्या हौसेवर माहितीपट निघाला, २०२५ मध्ये 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' नावाचा हिंदी चित्रपटही आला. त्या पोरांचे आम्हाला कौतुक आहे. पण त्या शुक्रवारी त्यांच्या बहिणी काय करत होत्या, हे विचारायचे काम आपले आहे. माग थांबला म्हणून चूल थांबत नाही.

दुसरे उत्तर रोजगाराचे आहे. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. रेल्वे, पोलीस यांच्यातही खेळाडूंची भरती होते आणि तिथे तुम्ही कोणत्या पायरीवर खेळलात हे पाहिले जाते. शेजारच्या छत्तीसगडमध्ये भिलाईला राजेश पटेल या प्रशिक्षकांनी साध्या घरांतल्या, खेड्यांतल्या मुलींना एकत्र राहण्याची, जेवणाची, शाळेची सोय करून बास्केटबॉल शिकवले. त्या मुलींनी राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि त्यांच्यातल्या अनेकींना नोकऱ्या लागल्या. पटेल २०१८ साली गेले. त्यांनी दाखवून दिले ते हे, की मुलीच्या खेळातून घरात पगार येतो हे एकदा गावाने पाहिले, की लग्नाची घाई थोडी थांबते. सामना २०–० ने न खेळता सोडून द्यावा लागतो तेव्हा ही वाटही पहिल्या पायरीवरच बंद होते.

तिसरे उत्तर भीतीचे आहे. आईबाप मुलीला बाहेरगावच्या सामन्याला पाठवत नाहीत, त्याला आपण चटकन मागासलेपण म्हणतो. जानेवारी २०२३ मध्ये विनेश फोगाट, साक्षी मलिक यांच्यासारख्या आंतरराष्ट्रीय पदके जिंकलेल्या कुस्तीगीर दिल्लीच्या जंतरमंतरवर बसल्या आणि आपल्याच संघटनेच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप त्यांनी केले. त्यांचे हे हाल, तर मालेगावच्या आईची भीती वेडगळ कशी म्हणायची? भीतीला उत्तर उपदेशाने देता येत नाही, ते व्यवस्थेने द्यावे लागते. कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडासंस्था आणि स्टेडियम यांचाही समावेश आहे, आणि महाविद्यालयात अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. त्या समितीतल्या बाईंचे नाव आणि फोन नंबर खेळाडू मुलींच्या घरी माहीत असला पाहिजे. संघाबरोबर बाई व्यवस्थापक गेलीच पाहिजे. नाशिकला मुक्काम कुठे, परत कधी, हे आधी लेखी कळले पाहिजे. आईने होकार द्यावा असे वाटत असेल, तर होकार देण्याजोगे काहीतरी तिच्या हातात ठेवायला हवे.

मैत्रिणींनो, संपन्न देशांत हे सारे आपोआप सुटले आहे अशा भ्रमात आपण राहू नये. अमेरिकेत शिक्षणसंस्थांमध्ये लिंगभेदाला बंदी करणारा कायदा १९७२ सालीच झाला. तरी २०२१ मध्ये तिथल्या विद्यापीठांच्या अखेरच्या बास्केटबॉल स्पर्धेत मुलग्यांसाठी व्यायामाची अख्खी शाळा आणि मुलींसाठी वजनांचा एकच छोटा मांड, असा प्रकार झाला. सेडोना प्रिन्स या खेळाडूने त्याचे चित्रण करून ते सगळ्यांना दाखवले, तेव्हा कुठे चौकशी बसली. चित्रण करायला मुलगी तिथे हजर होती, म्हणून ते दिसले. आपल्याकडे मुलगी मैदानापर्यंतच पोचली नाही, तर तिला काय मिळाले नाही हेही कुणाला दिसत नाही.

म्हणून या अंकाच्या निमित्ताने आम्ही गटांना काही कामे सुचवत आहोत. आपल्या गावातल्या महाविद्यालयात दोघी-तिघींनी जावे आणि शारीरिक शिक्षण संचालकांना भेटावे. भांडायला जाऊ नये, विचारायला जावे. मुलींचा संघ नाव नोंदवतो का? गेल्या तीन वर्षांत किती सामने खेळला आणि किती सामन्यांत समोरच्यांना पुढे चाल दिली? मैदान मुलींना कोणत्या वेळी मिळते? ६ क्रमांकाचे चेंडू किती? जिमखान्याच्या शुल्कातला मुलींवर होणारा खर्च किती? विद्यार्थिनीही ते शुल्क भरतात, तेव्हा हा हिशेब मागणे त्यांचा अधिकार आहे. नगरसेविकांना सांगावे, की वस्तीतल्या मोकळ्या भूखंडावर आणखी एक कमान उभारण्याआधी दोन कडी आणि चार दिवे लावा. १७ मार्च २०२३ पासून एस. टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे. नाशिकच्या शंभरावर किलोमीटरच्या प्रवासाचा खर्च हे कारण आता अर्धे झाले आहे, हेही सांगावे. आणि सामना गावात असेल तेव्हा आपण स्वतः जाऊन बसावे. मैदानाच्या कडेला वीस बायका बसल्या, की तिथली टिंगल आपोआप बंद होते, हा अनुभव आपल्याला मोर्चांमधून आहेच.

नदीच्या दोन्ही काठांवरच्या मुली एका संघात आल्या तर त्याचे मोल वेगळे सांगायला नको. या गावाने दंगे पाहिले आहेत, बॉम्बस्फोट पाहिले आहेत. विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाईंचे नाव आहे. १८५६ साली माहेराहून जोतिबांना लिहिलेल्या पत्रात सावित्रीबाईंनी शाळेचा भार वाहणाऱ्या फातिमाची काळजी व्यक्त केली होती. त्या दोघींनी मुलींसाठी वर्ग उघडला तेव्हाही बाकावर बसायला पुरेशा मुली मिळवणे हेच पहिले काम होते. दारोदार हिंडून त्यांनी ते केले. आपले काम त्याहून फार वेगळे नाही.

तेव्हा यंदा मालेगावच्या मुली कुठवर जातील? खरे सांगायचे तर नाशिकच्या मोठ्या महाविद्यालयांपुढे त्या हरण्याचाही संभव आहे. हरू देत. ४० मिनिटे धावून, घाम गाळून, समोरच्या मुलींशी हात मिळवून ५८–३१ ने हरणे आणि न खेळता २०–० ने हरणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या हरण्यातून पुढच्या वर्षीचा संघ तयार होतो, आणि कुणा एकीचे नाव निवड समितीच्या वहीत लिहिले जाते. दुसऱ्या हरण्यातून काहीच उरत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे, की यंदा एकही सामना पाच मुलींअभावी सुटता कामा नये. तेवढे आपण केले तर बाकीचे त्या करतील.

तुमच्या गावातल्या संघात किती मुली आहेत आणि पाचवी कुठे अडली आहे, हे आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी पाने राखून ठेवत आहोत.